दगडमाळची मोजणी

जीप घेतली तेव्हा तिच्यात फोर बाय फोर होतं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. विकणाऱ्याने मला गिअरच्या बाजूचा तो दुसरा बुटका दांडा दाखवला होता, हलवूनही दाखवला होता. दांडा हलल्यावर खालून जो आवाज आला तो, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, चारही चाकं एकदम जागी झाल्याचा होता. आमच्या सोसायटीतला मुकेश म्हणतो, तो आवाज सायलेन्सरचा होता. म्हणू दे. मुकेशला सायलेन्सरबद्दल बोलायला आवडतं.

मुळात जीप मी हौसेसाठी घेतली नव्हती. हे कोणालाच पटत नाही. पंचेचाळीस वर्षांचा, कल्याणच्या विमा कार्यालयात हेडक्लार्क असलेला, वाशिंदच्या वन बीएचकेमध्ये राहणारा माणूस जुनी जीप घेतो म्हणजे त्याच्या डोक्यात काहीतरी शिरलं असणार, असं लोकांना वाटतं. माझ्या डोक्यात फक्त माझी आई होती. आईचं नाव गोजाबाई, आणि गोजाबाईला दगडमाळला जायचं होतं.

दगडमाळ म्हणजे मुरबाडच्या अंगाला, सिद्धगडच्या डोंगरांकडे तोंड करून पसरलेला एक उंचावरचा माळ. धरणासाठी लागणाऱ्या काळ्या दगडाची खाण तिथे होती. खाण म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर नुसता खड्डा येतो. पण तिथे सहा ओळी खोल्या होत्या, एक दुकान, एकखोली शाळा, मुकादमाचा बंगला, शनिवारचा बाजार आणि जवळपास तीनशे माणसं होती. धरण पुरं झालं, खाण बंद पडली आणि दोन महिन्यांत अख्खं गाव उठून गेलं. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. पत्रे, दारं, खिडक्या ज्याने त्याने नेल्या, आणि रस्ता पावसाने नेला.

त्या खाणीत आईने सोळा वर्षं खडी फोडली. राहायला खोली नंबर चौदा. गेली पंधरा वर्षं ती मला सांगत होती, "मह्या, एकदा मला माज्या खोलीत बसायचाय रे." आणि गेली पंधरा वर्षं मी 'दिवाळीनंतर बघू' म्हणत होतो. तोपर्यंत तिचे गुडघे गेले. यंदा डॉक्टरांनी मार्चमध्ये ऑपरेशन करायचं ठरवलं, तेव्हा आई म्हणाली, "मंग त्याच्या आदी ने. नंतर मी नाय उरली तर तुलाच रुखरुख लागंल." आमच्या आईला शेवटपर्यंत काळजी माझीच.

चार किलोमीटरचा चढ, रस्ता नाही, आणि आईला जिन्याच्या सात पायऱ्या चढवत नाहीत. म्हणून जीप. पल्लवी, म्हणजे माझी बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि घरातही तिचा आवाज तेवढाच पोचतो. ती म्हणाली, "डोली केली असती तर स्वस्त पडलं असतं. शिवाय डोलीला पीयूसी लागत नाही."

जीप सोसायटीत आली आणि सल्ले सुरू झाले. चाकातली हवा कमी करा. चाकातली हवा वाढवा. पुढे दोरी बांधा. मागे दोरी बांधा. तळमजल्यावरच्या अनिताताईंनी बॉनेटला लिंबू-मिरची बांधायला आणली. मी त्यांना नम्रपणे सांगितलं की आमच्या घरात अंधश्रद्धेला थारा नाही आणि गेल्याच महिन्यात विहारात 'अंधश्रद्धा आणि आपण' या विषयावर मी पाऊण तास बोललो होतो. त्या म्हणाल्या, "हो, मी होते ना. म्हणूनच आणली. एवढं बोललात, काहीतरी होणार."

पण खरा ताबा घेतला तो मुकेशने. मुकेश वाशिंदच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. फावल्या वेळात तो परदेशातले लोक चिखलात गाड्या कशा घालतात याचे व्हिडिओ बघतो. स्वतःची गाडी म्हणजे एक स्कूटर. "महेंद्रभाय, ऑफरोडिंग में टेक्निक होता है," असं म्हणत त्याने स्वतःला मोहिमेचा प्रमुख नेमला. नुसतं जाऊन यायचं नाही, तंबू ठोकून मुक्काम करायचा, हे त्यानेच ठरवलं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तंबू कशाला? माजी खोली हाय ना तिथं." खोलीला छप्पर नाही हे तिला सांगायचं धाडस कोणालाच झालं नाही.

आता परवानगी. मी सरकारी नियम पाळणारा माणूस आहे, आणि त्याचे परिणाम मी आयुष्यभर भोगत आलो आहे. शहापूरच्या कार्यालयात गेलो तर ते म्हणाले, हा माळ मुरबाडमध्ये येतो. मुरबाडला म्हणाले, जंगलाचा असेल तर आमचा नाही आणि खाणीचा असेल तर मुळीच नाही. तिसऱ्या कार्यालयात एक सज्जन होते. त्यांनी माझा अर्ज पूर्ण वाचला आणि तिथेच अडचण झाली.

"निर्जन ठिकाणी मुक्कामाचं कारण काय लिहिलंय?"

"आई."

"आई हे कारण होत नाही. 'वैयक्तिक' लिहा." मी खोडून लिहिलं. "तंबूचं क्षेत्रफळ?"

"चार माणसांचा आहे."

"माणसांत नको. चौरस मीटरमध्ये द्या. आणि मुक्कामाच्या जागेचा नकाशा हाताने काढून जोडा. चतुःसीमा लिहा."

पाच रजा आणि असंख्य वडापाव खर्ची पडल्यावर माझ्या हातात तीन कार्यालयांच्या तीन पोच आल्या. कोणीही परवानगी दिली नव्हती आणि कोणी नाकारलीही नव्हती, पण तिन्हींवर गोल शिक्के होते. त्या मी नकाशासकट एका निळ्या फायलीत लावल्या. ती फाईल काखेत धरली की मी स्वतःलाच जरा उंच वाटायचो.

म्हसा गावची जानेवारीतली जत्रा संपून आठवडा झाला होता, त्या शनिवारी सकाळी आम्ही निघालो. मी चालवायला, शेजारी आई, मागे सामानात रुतलेली पल्लवी आणि मुकेश. मुकेशने कारखान्यातून चार चमकती नारिंगी जाकिटं, चार पिवळी हेल्मेटं, मोजायची लांबलचक टेप आणि लाल-पांढऱ्या पट्टीचं एक भेंडोळं आणलं होतं. सेफ्टीच्या बाबतीत तो आईलाही सोडेना. आईने हेल्मेट हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं.

"सोळा वरसं डोक्यावर सुरुंग फुटायचे, तवा कोणी टोपी नाय दिली. आता डोंगर गप झालाय तर देतंय," ती म्हणाली. पण तिने ते घातलं. नव्या पोराचं मन कशाला मोडा, असा तिचा विचार असावा.

पायथ्यापर्यंत जीप शहाण्यासारखी आली. चढ सुरू झाला आणि मी तो बुटका दांडा ओढला. आवाज आला. चारपैकी किती चाकं जागी झाली ते मला माहीत नाही, पण जी जागी झाली ती जागच्या जागी फिरायला लागली. मुकेश खाली उतरला आणि पुढे उभा राहून हातवारे करू लागला. डावा हात वर, उजवा आडवा, मग दोन्ही गोल. व्हिडिओत हे हातवारे बघून गाड्या चढतात. आमची बघत बघत मागे आली. तीन वेळा चढलो, तीन वेळा घसरलो. तिसऱ्या वेळी पल्लवी उतरली आणि म्हणाली, "मी चालत येते. मला पोरांचे पेपर तपासायला परत जायचंय."

आई इतका वेळ हेल्मेटमधून बघत होती. ती म्हणाली, "उलटी ने."

"काय?"

"उलटी चढव. रिवर्समधी. पावसात मोकळे ट्रक असेच चढवायचे ड्रायवर. रिवर्समधी जोर जास्ती असतो." मग मुकेशकडे बघून म्हणाली, "आनि त्याला सांग, हात खाली घे. माशा हाकलल्यासारखा काय करतोय?"

मी जीप वळवली आणि रिव्हर्स टाकला. विश्वास ठेवा अगर ठेवू नका, जीप चढली. मान मागे पिरगाळून, खिडकीबाहेर अर्धा लोंबकळत, मी चार किलोमीटर उलटा चढलो. पल्लवी चालत आमच्या बरोबरीने येत होती. मधूनमधून ती पुढेही जात होती, पण ते महत्त्वाचं नाही. ज्या गावात मी लहानाचा मोठा झालो, त्या गावात चौतीस वर्षांनी मी पाठमोरा शिरलो, एवढं मात्र खरं.

आणि पाठमोरा शिरलो म्हणूनच समोरचं दिसलं नाही. माळावर मध्यभागी जुन्या क्रशरच्या दगडी भुकटीचा ढीग होता. त्याच्यावर इतक्या वर्षांत छान गवत उगवलेलं. जीप त्या गवतावर चढली, थोडी सुस्कारली आणि पोटापर्यंत खाली बसली. मग तो बुटका दांडाही बसला आणि पुन्हा वर आलाच नाही.

खोल्या तिथून जेमतेम दीडशे पावलांवर होत्या. म्हणजे असाव्यात. कारण दिसत होती ती फक्त घाणेरी. माणसापेक्षा उंच, एकमेकींत गुंतलेली, काट्यांनी भरलेली घाणेरीची झुडपं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आईने जीपमध्ये बसूनच हात केला. "तिकडं. चिंचेच्या मागं." मी कोयता घेऊन आत शिरलो. अर्ध्या तासात चार पावलं जागा झाली आणि दोन्ही हात रक्ताळले. बाहेर आलो तेव्हा आई त्या झुडपांकडे बघत होती. "ऱ्हाव दे," ती म्हणाली. "इथून बघितली तरी चालंल." तिने असं म्हटलं की मला फार वाईट वाटतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी तंबू उभारायला घेतला. मुकेशला सगळं मापात लागतं. त्याने टेप धरली, मी दुसरं टोक धरलं. दर दोन मीटरवर एक खुंटी ठोकायची, खुंटीला लाल-पांढरी पट्टी बांधायची आणि मग दोरी ताणायची. डोक्यावर हेल्मेटं होतीच. माझ्या काखेत फाईल होती, कारण ती मी जीपमध्ये सोडायला तयार नव्हतो. तेवढ्यात खालच्या पाड्यातला काळूराम नावाचा एक म्हातारा शेरडं चारत तिथे आला आणि बराच वेळ बघत उभा राहिला.

"मोजणी हाय का?" त्याने विचारलं.

मुकेशच्या तोंडात दोन खुंट्या होत्या. त्याने नुसती मान हलवली. काळूराम माझ्याजवळ आला, फायलीतला नकाशा वाकून बघितला, गोल शिक्क्यांवर बोट फिरवलं आणि मोबाइल कानाला लावून उताराकडे चालायला लागला. त्याची शेरडं आमच्याकडेच राहिली. संध्याकाळपर्यंत ती पल्लवीने सांभाळली.

आमच्या भागात मोजणी म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. मागे इकडून मोठा रस्ता गेला. तेव्हा आधी एक जीप आली होती, तिच्यातून टोप्या घातलेली माणसं उतरली होती, त्यांनी खुंट्या ठोकल्या होत्या आणि मग काही दिवसांनी लोकांना मोबदला मिळाला होता. ज्याच्या जमिनीत झाड होतं त्याला झाडाचा वेगळा, ज्याचं घर होतं त्याला घराचा वेगळा. तेव्हापासून शहापूर-मुरबाडात कुठेही खुंटी ठोकली की दुसऱ्या दिवशी तिथे आंब्याची कलमं उगवतात. आमच्या चुलतभावाने घरावर मोबाइलचा टॉवर बसवायला माणसं बोलावली होती, तर सकाळी गच्चीत शेजाऱ्याने चिकूचं रोप आणून ठेवलेलं.

रविवारी सकाळी मी कोयत्यांच्या आवाजाने जागा झालो. तंबूतून डोकं बाहेर काढलं आणि पुन्हा आत घेतलं. बाहेर सत्तर-ऐंशी माणसं होती. वाशिंदची, मुरबाडची, शहापूरची, कोणी कल्याणहून पहिल्या गाडीने आलेली. प्रत्येकाच्या हातात कोयता आणि काखेत कलम. दगडमाळ सोडून गेलेली जवळपास प्रत्येक खोली परत आली होती, पुढच्या पिढीसकट. आणि प्रत्येकजण आपापल्या खोलीचं जोतं मोकळं करत होता. जी घाणेरी मला चार पावलांपलीकडे हटली नव्हती, ती तासाभरात साफ झाली. सहाच्या सहा ओळी उघड्या पडल्या.

मी सांगायला हवं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. मी तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात कोणीतरी माझ्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणालं, "साहेब, साखर बरोबर हाय ना?"

वीस वर्षं मी दुसऱ्यांना साहेब म्हणत आलो आहे. एवढ्या वर्षांत माझ्या चहातल्या साखरेची चौकशी कोणत्याही साहेबाने केली नव्हती. काळूराम कुठूनतरी खुर्ची घेऊन आला. वीस माणसं रुतलेल्या जीपला भिडली, "साहेबांची गाडी हाय, जपून!" असं ओरडत त्यांनी ती उचलून बाजूला ठेवली. दोघांनी साहेबांसाठी गावठी कोंबडे आणले होते.

"तुम्ही सांगताय की मी सांगू?" पल्लवी ओठ न हलवता म्हणाली.

"चहा संपू दे," मी म्हणालो.

चहा संपायच्या आत आई तंबूतून बाहेर आली होती. वाट मोकळी झालेली बघून ती मुकेशच्या खांद्यावर हात ठेवून निघाली, आणि पावलागणिक तिची चाल सुधारत गेली. "ही सकुबायची. हे दुकान. हितं नळ होता." चिंचेच्या मागे ती थांबली. खोली नंबर चौदाचं जोतं तिथे होतं. भिंती कमरेएवढ्या उरल्या होत्या. आणि मधोमध, जिथे तिची चूल असायची तिथे, एक पासष्टीचा माणूस खड्डा खणून आंब्याचं कलम लावत होता.

"देवज्या!" आई ओरडली.

तो दचकून वळला. "कोण, गोजाबाय?"

देवजी आमच्या शेजारच्या पंधरा नंबरमध्ये राहायचा. क्रशरवर होता. सोळा वर्षं दोन्ही घरांत एका मोरीच्या पाण्यावरून भांडण होतं आणि ते चौतीस वर्षांपूर्वी जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं.

"माज्या चुलीवर झाड लावतोस रे?"

"तुजी कशी? तू आदी गेलीस वस्ती सोडून. मी शेवटपरयंत होतो. चौदा आनि पंधरा, दोन्ही माज्याच!"

"लाज नाय वाटत? भिंत तरी बघ, तुज्या मोरीच्या पान्यानं काळी पडलीय अजून!"

"ते सायबाला इचारू. ओ सायब! इकडं या. लिहून घ्या, चौदा नंबर, देवजी."

सत्तर-ऐंशी माणसं माझ्याकडे वळली. मी खुर्चीतून उठलो. आईने माझ्याकडे बघितलं, मग लोकांकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"सायब कोण?" ती म्हणाली. "हा माजा मह्या हाय! मला माजी खोली दावायला घेऊन आलाय."

 आंब्याची कलमं काखेत धरून सगळे उभे होते. "मंग मोजणी?" काळूरामने विचारलं. मी विमा कार्यालयात शिकलेल्या भाषेत खुलासा करायला सुरुवात केली. सदर खुंट्या या केवळ तंबूच्या आहेत, सदर फायलीत केवळ पोच आहे, आणि झालेल्या गैरसमजाबद्दल. तिथपर्यंतच पोचलो. गर्दीतून एक आवाज उठला तो सायलेन्सरचा नक्कीच नव्हता. मुकेशने हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. सेफ्टीचं महत्त्व मला तेव्हा पटलं.

"फसवलं रे आमाला!" देवजी ओरडला. "रातभर कलमं शोधत फिरलो! सोडू नका याला!" आणि तो दगड उचलायला खाली वाकला.

वाकला तो तसाच राहिला. दगड हातात, कंबर काटकोनात आणि तोंड वेडंवाकडं. "आयो... उसण भरली... कोणी हलवू नका..." त्याला ना खाली बसवेना, ना वर उठवेना. चौघे पुढे झाले तर तो किंचाळला. दगडसुद्धा सोडवेना.

तेवढ्यात मागून काठी टेकत एक ऐंशी-पंच्याऐंशीची म्हातारी पुढे आली. नातवाने तिला मोटरसायकलवर बांधून आणली होती. वस्तीतली सगळी पोरं जिच्या हातून जन्मली ती सकुबाई. तिने माझी हनुवटी धरून चेहरा उन्हाकडे वळवला.

"गोजाचा मह्या ना तू?" ती म्हणाली. "आरे मंग बघत काय बसलात? हा पायाळू हाय! मीच काढलाय त्याला, पायाकडून. लाव रे पाय देवजीला!"

इथे मला एक गोष्ट सांगणं भाग आहे, जी मी लग्नाच्या वेळीही सांगितली नव्हती. मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना आधी पाय आले. अशा माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. आणि खडी फोडणाऱ्या तीनशे माणसांच्या वस्तीत उसणीला काय तोटा? अकरा वर्षांचा होईपर्यंत माझ्या डाव्या पायाला जी मागणी होती ती पुढे आयुष्यात माझ्या कुठल्याच अवयवाला आली नाही. रोज संध्याकाळी चौदा नंबरपुढे माणसं पालथी पडलेली असायची. वस्ती सुटली तसं मी ते सगळं मागे टाकलं, शिकलो, आणि विहारात पाऊण तास बोलायला लागलो.

"अंधश्रद्धा आहे ही," मी म्हणालो.

"सकुबाय," वाकलेला देवजी कळवळला, "त्याला म्हणावं नंतर भाषण कर. आदी पाय लाव."

आई पुढे आली. देवजीच्या तोंडासमोर, म्हणजे जमिनीपासून तीन फुटांवर, तिने आपलं तोंड नेलं. हेल्मेट अजून डोक्यावर होतं.

"पयले बोल. चौदा नंबर कोणाची?"

"गोजाबाय, जीव चाललाय..."

"कोणाची?"

"तुजी! तुजी बाई!"

"आनि मोरी?"

देवजीने डोळे मिटले. सोळा अधिक चौतीस, पन्नास वर्षांचं भांडण होतं ते. "मोरी पन तुजी," तो म्हणाला, आणि सगळी गर्दी हसली. माझ्यावर धावून आलेली माणसंसुद्धा.

मी बूट काढला, मोजा काढला आणि शास्त्रीय दृष्टिकोन बाजूला ठेवून देवजीच्या कमरेवर डावा पाय तीन वेळा टेकवला. तिसऱ्यांदा टेकवताना पल्लवीकडे लक्ष गेलं आणि पाय जरा जोरात पडला. काहीतरी कडकन वाजलं. देवजी सरळ उभा राहिला, इकडे वळला, तिकडे वळला आणि हातातला दगड टाकून दिला. यामागे काय कारण असेल ते असो. मी विज्ञानाच्या बाजूचाच माणूस आहे. पण त्या क्षणी मी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा होतो, हे कबूल करतो.

मग रांग लागली. पंचावन्न, साठ, सत्तर वर्षांच्या, दगडाने मोडलेल्या पाठी. मोजणीचं कोणी नाव काढेना. काळूराम वस्तीतला नव्हता, तरी रांगेत घुसला. "पैसं नाय तर नाय गो," सकुबाई सगळ्यांना सांगत होती, "सगळी एका जागी दिसली तरी." साहेबांसाठी आणलेले कोंबडे तिच्या सुनेने चिंचेखाली शिजायला टाकले. कोणी परत जाईना. पोरांना हाताला धरून माणसं आपल्या जोत्यावर नेत होती आणि भिंत नसलेल्या जागी दार कुठे होतं ते दाखवत होती. मुकेश टेप घेऊन प्रत्येक खोलीचं माप घेऊन सांगत होता, आणि दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं कशी राहत होती असं विचारून विचारून थक्क होत होता. देवजीने आपलं कलम उपटून पंधरा नंबरमध्ये नेऊन लावलं.

रांगेत मध्येच पल्लवी उभी होती. "वीस वर्षं मी कंबरेला मलम चोळतेय," ती म्हणाली, "आणि हे औषध घरात होतं!" तिला मी पाय लावला. घरी गेल्यावर याची किंमत मोजावी लागणार हे ठाऊक असूनही लावला.

उन्हं उतरली तेव्हा रांग संपली. माझ्या पायात गोळे आले होते. आई आपल्या जोत्यावर, चुलीच्या जागेशेजारी बसली होती. जागा तिने पदराने झाडून काढली होती. हेल्मेट बाजूला ठेवलेलं.

"ये," ती म्हणाली, आणि दोन्ही हात टेकून, हळूहळू, त्या फरशीवर पालथी झाली.

"आई, नाही हं. तुला पाय लावू?"

"मंग? सोळा वरसं खडी फोडली. पाठ काय देवज्यालाच दिलीय देवानं?"

"आईला पाय लावतात का कोणी?"

"पोटात होतास तवा लाथा मारल्यास, तवा इचारलंस?"

मी तिच्याशेजारी खाली बसलो. या खोलीत मी अकरा वर्षं रोज तिच्या कुशीला झोपलो होतो. तिची पाठ दुखते हे मला माहीतच नव्हतं. "मग तेव्हा कधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "सगळ्यांना लावायचो की रोज."

"रांग असायची ना," आई म्हणाली. "सगळी बिचारी दमलेली. त्यांना कसं उठ म्हनायचं? आनि माजा नंबर यायच्या आदी तू झोपून जायचास."

 मी उभा राहिलो, पायाची माती पुसली आणि तिच्या पाठीवर पाय ठेवला. हाडं हाताला लागावीत तशी पायाला लागली.

"जरा जोरात की मेल्या," आई खालून म्हणाली. "देवज्याला कशी मारलीस!"

मी जोर दिला. एकदा, दोनदा. तिने मोठा श्वास सोडला आणि "हां, तिथंच," म्हणाली. मी मागे वळून बघितलं. आमच्या मागे रांगेत आता कोणीच नव्हतं, म्हणून मी पाय तसाच बराच वेळ ठेवला.